आधी शेत, मग मशीन : इंग्लंडात पहिला मेटल डिटेक्टर घेताना

ऑगस्टात इथल्या गव्हाच्या कापण्या उरकल्या की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "अगं, अमुक मशीन सेलमध्ये आहे, दीडशे पौंडांना. घेऊन टाकू का?" मी विचारते, "शेत कुठलं?" पलीकडे शांतता. मग, "शेत बघू की नंतर!" बाजारात तुरी म्हणतात ते हेच. इंग्लंडात मशीन एका क्लिकवर दारात येतं. ते फिरवायला जमीन मिळवताना मात्र माझे पहिले पाच महिने गेले आणि तोवर मशीन कपाटात धूळ खात पडलं होतं. शिवाय ते चुकीचं मशीन होतं, हे नंतर कळलं.

म्हणून हा लेख नेहमीच्या क्रमाच्या उलटा आहे. इंग्लंडात राहणाऱ्या, जुनी नाणी-बटणं-बकलं शोधायची हौस असलेल्या आणि एकूण चारशे पौंडांच्या आत भागवायचं असलेल्या माणसासाठी तो लिहिला आहे.

माझं माहेर वाईकडचं. लहानपणी गुप्तधनाच्या गोष्टी ऐकतच झोपायचो. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीतले हंडे दिसतात, ही त्यातली हमखास. मी पायाळू नाही आणि गेल्या सात वर्षांत मला एकही हंडा दिसलेला नाही. सापडतात त्या लोकांच्या हातून पडलेल्या वस्तू. खिशाला भोक असलेला शेतमजूर, घोड्यावरून उतरताना बक्कल तुटलेला कुणी, जत्रेहून परतताना पैसा हरवलेली एखादी बाई. हे मनाला रुचत असेल तर पुढे वाचा. सोन्याची घाई असेल तर हा छंद तुमचा नव्हे.

पायरी पहिली : कायदा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण पाच मिनिटांत संपतो.

जमीन कुणाची ना कुणाची असतेच आणि मालकाच्या परवानगीशिवाय मशीन फिरवायचं नाही. शेत कसणारा कूळ असेल तर त्याचीही परवानगी हवी आणि मालकाचीही. १९७९ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानं संरक्षित केलेल्या जागी मालक हो म्हणाला तरी चालत नाही. तिथे नुसता डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे. आपलं शेत अशा जागेवर येतं का, हे 'मॅजिक' या सरकारी नकाशावर फुकट बघता येतं. सार्वजनिक बागा बहुतेक नगरपालिकांनी बंद ठेवल्या आहेत. लंडनच्या थेम्सकाठच्या चिखलात तर बंदर प्राधिकरणाचा परवाना असल्याशिवाय वाकून एक खडा उचलायचीही सोय नाही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे: सापडलेली पुरातन वस्तू राजसत्तेची आणि कळवणं बंधनकारक. उत्तर आयर्लंडात पुरातन वस्तूंच्या शोधात खणायलाच परवाना लागतो. इथून पुढचं सगळं इंग्लंड-वेल्सपुरतं समजा.

१९९६ चा 'ट्रेझर अॅक्ट' लक्षात ठेवायला सोपा आहे. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू म्हणजे ट्रेझर. नाणं एकटं असेल तर सहसा नाही; पण तितकीच जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर हो. तांब्या-काशासारख्या कमी मोलाच्या धातूची असतील तर किमान दहा हवीत. २०१० मध्ये कंब्रियातल्या क्रॉसबी गॅरेटला रोमन घोडेस्वाराचं अप्रतिम शिरस्त्राण सापडलं. ते काशाचं, म्हणून कायद्याच्या व्याख्येत बसेना आणि लिलावात २० लाख पौंडांहून जास्त किमतीला खासगी हातात गेलं. ती फट बुजवायला जुलै २०२३ पासून नवी व्याख्या जोडली गेली: २०० वर्षांहून जुनी, धातूची आणि विशेष महत्त्वाची वस्तूही आता ट्रेझर ठरू शकते. असं काही हाती आलं तर १४ दिवसांत कॉरोनर या स्थानिक चौकशी अधिकाऱ्याला कळवायचं. न कळवण्याची किंमत हेरफर्डशरच्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिली. २०१५ मध्ये वायकिंग काळातला ठेवा सापडला आणि तो गुपचूप विकायला निघालेल्या दोघांना २०१९ मध्ये कित्येक वर्षांची कैद झाली. कळवलं असतं तर बक्षिसाची मोठी रक्कम सरळ मार्गानं हाती आली असती.

आणि मशीन घेऊन गावी जायचा विचार मनात आला असेल, तर तो इथेच सोडा. भारतात १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तरी जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खोदणं तर सरळ गुन्हा. २०२५ च्या मार्चमध्ये एका गाजलेल्या ऐतिहासिक सिनेमानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला लोक रात्री बॅटऱ्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते, ती दृश्यं तुम्हीही पाहिली असतील. त्या रांगेत आपण नको.

पायरी दुसरी : शेत मिळवणं

इथले डिटेक्टरवाले याला नुसतं 'पर्मिशन' म्हणतात. "माझ्याकडे तीन पर्मिशन आहेत" म्हणजे तीन शेतकरी हो म्हणाले आहेत. या छंदातली सगळ्यात महाग चीज हीच आणि ती विकत मिळत नाही.

मी आधी पत्रं पाठवली. बावीस पत्रांना दोन उत्तरं आली, दोन्ही नकार. मग प्रत्यक्ष जायला लागले. कापणीच्या धामधुमीत जाऊ नका, शेतकरी बोलायच्या मनःस्थितीत नसतो. आणि रविवारी दुपारी जेवणाच्या वेळेलाही नको. पावसाळी सकाळ उत्तम. गाडी फाटकाबाहेर लावायची, बूट चिखलाचे असले तर उत्तमच. सोबत दोन कागद ठेवायचे. एक, विम्याचा. 'नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग'चं सभासदत्व घेतलं की दायित्व विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, त्यातच येतो, वर्षाला थोडक्या पौंडांत. दुसरा, एका पानाचा साधा करार: सापडेल ते दाखवणार, खड्डे बुजवणार, किमती वस्तू निघाली तर निम्मी-निम्मी. हा कागद दाखवला की समोरच्याचा चेहरा बदलतो, कारण रात्री चोरून खणणाऱ्यांचा अनुभव त्याच्या गाठीशी असतो. त्यांना इथे 'नाइटहॉक' म्हणतात आणि आपण ते नाही हे सिद्ध करायची जबाबदारी आपलीच.

एक प्रश्न मात्र न चुकता विचारा: "तुमचं काही हरवलंय का शेतात?" याला इतिहास आहे. १६ नोव्हेंबर १९९२ ला सफकमधल्या हॉक्सनी गावात एरिक लॉस नावाचे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला मशीन घेऊन गेले आणि त्यांना रोमन सोन्या-चांदीचा ठेवा सापडला, जवळजवळ १५,००० नाणी. त्यांनी स्वतः सगळं उपसलं नाही, थांबून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. हातोडाही सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

मला ज्या बाईंनी पहिली परवानगी दिली त्यांची ट्रॅक्टरची पिन हरवली होती. ती मला आजतागायत सापडलेली नाही. पण त्या प्रश्नामुळे चहा मिळाला आणि चहामुळे चर्चच्या मागचं सात एकरांचं शेत.

शेत अजिबात मिळत नसेल तर डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात नाव घाला. क्लब शेतकऱ्याला पैसे देऊन एक दिवसाची परवानगी काढतात आणि वर्गणी घेऊन सगळ्यांना नेतात. मशीन घेण्याआधी अशा एका रविवारी नुसतं बघायला जा. चार जणांची चार मशीनं हातात धरून बघता येतात, आणि जुने जाणते लोक आपापल्या मशीनबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत.

पायरी तिसरी : शेत वाचणं

परवानगी मिळाली की मशीनच्या दुकानात न जाता आधी शेतात जा, रिकाम्या हातानं. तीन गोष्टी बघायच्या.

माती किती घाण आहे? चर्चजवळ, जुन्या वाड्यापाशी, लोहाराच्या दुकानाच्या आसपास लोखंडी खिळ्यांचा सडा असतो. तिथे खिळ्यांच्या गर्दीतून चांदीचा तुकडा वेगळा काढणारं मशीन हवं. याउलट गावापासून दूर, मोकळ्या माळावर सिग्नलच विरळ असतात. तिथे मोठी कॉइल, म्हणजे मशीनच्या टोकाची जमिनीवरून फिरवायची चकती, हवी, जास्त जमीन झाकणारी.

'ग्रीन वेस्ट' टाकलंय का? घराघरांतला ओला कचरा कुजवून केलेलं खत काही शेतकरी स्वस्तात घेतात आणि त्यात चिरडलेल्या अॅल्युमिनियमच्या डब्यांचे हजारो कपटे येतात. ढेकळांत चकचकीत तुकडे आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या दिसल्या की समजा. अशा शेतात दोन हजार पौंडांचं मशीनही रडतं. मी असं शेत हात जोडून परत केलं होतं.

समुद्रकाठ आहे का? ओली खारट वाळू वीज वाहून नेते आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे लहरींच्या एकाच कंपनसंख्येवर, चालणारी मशीनं तिथे उगाच किरकिरतात. तुमचं शोधकाम मुख्यतः किनाऱ्यावर होणार असेल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन घ्यायचं, इथे तडजोड नाही.

घरी आल्यावर स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुने नकाशे उघडा. नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचेही एकोणिसाव्या शतकातले तपशीलवार नकाशे तिथे फुकट आहेत. आज बुजलेल्या पायवाटा, पाडलेली घरं, जुनी फाटकं त्यावर दिसतात. माणसं जिथून जात-येत होती तिथेच वस्तू पडल्या.

पायरी चौथी : चारशे पौंडांचे वाटे

नवखा माणूस चारशेच्या चारशे मशीनवर घालतो आणि मग घरातल्या खुरप्यानं खणत बसतो. मी उलट सांगते. मशीनला अडीचशे ठेवा. उरलेल्यातून पिनपॉइंटर घ्या, म्हणजे हातात मावणारा, गाजराएवढा छोटा डिटेक्टर. खड्ड्यात नेमकी वस्तू कुठे आहे ते तो सांगतो. नामांकित कंपन्यांचा सव्वाशेच्या आसपास जातो, पण पन्नास पौंडांतलेही काम भागवतात. पिनपॉइंटर नसताना मी एका ढेकळाशी वीस मिनिटं झटले आहे, तो असल्यावर तेच काम एका मिनिटाचं. मग चांगली पोलादी कुदळ, अरुंद पात्याची, चाळीसेक पौंड. ही स्वस्तातली घेऊ नका. इंग्लंडची चिकणमाती सप्टेंबरात विटेसारखी होते आणि माझ्या पहिल्या कुदळीचा दांडा पहिल्याच महिन्यात हातात आला. विमा, हातमोजे, गुडघ्याला पट्टे, वस्तू ठेवायला कप्प्यांची डबी. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर ते घ्या. जाळीदार झारा, वाळू चाळायची गाळणी वगैरे किनाऱ्यावर जाणार असाल तरच.

पायरी पाचवी : मशीन

आता मुद्द्याचं. मशीन काय करतं ते एकदा समजलं की जाहिरातींची भाषा निम्मी गळून पडते. कॉइलमधून सतत दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. वाटेत धातू आला की त्याच्यात छोटे भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र किंचित उशिरानं परत येतं. तो उशीर मोजून मशीन पडद्यावर एक आकडा दाखवतं. म्हणजे तो आकडा धातूचं नाव सांगत नाही. धातू वीज किती सहज वाहून नेतो, वस्तू केवढी, कशी पडली आहे, या सगळ्याची ती गोळाबेरीज असते. सोन्याची बारीक अंगठी आणि कोल्ड्रिंकच्या डब्याची खेचायची कडी यांचा आकडा म्हणूनच एकसारखा येतो. "फक्त सोनं दाखवणारं मशीन" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्या. शंभर मीटरवरून सोनं सांगणाऱ्या, अँटेना फिरवणाऱ्या यंत्रांबद्दल तर बोलायलाच नको. गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्यावर नवं लेबल चिकटवून इराकमध्ये बॉम्बशोधक म्हणून विकणाऱ्या माणसाला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयानं दहा वर्षांची शिक्षा दिली. गुप्तधनवाली यंत्रं त्याचीच भावंडं.

मी फसले ती अशी: नेटवरून पंचेचाळीस पौंडांचं मशीन घेतलं, नाव सांगत नाही. दिसायला झकास, दोन गोल बटणं, काटा असलेला मीटर. दव पडलेल्या गवतावर ठेवलं की ते आपलं आपणच ओरडायचं. पैसा, खिळा, डब्याचं झाकण, सगळ्याला एकच सूर. सहा रविवार मी खिळे खणले. माझी चूक नाही हे कळायला क्लबातल्या एका आजोबांनी त्यांचं मशीन पाच मिनिटं माझ्या हातात द्यावं लागलं.

तर अडीचशेच्या आसपास काय बघायचं?

इंग्लंडच्या शेतात आपल्याला हवी असतात ती बारीक, पातळ चांदीची नाणी, जी १६६२ पर्यंत इथे हातोडीनं ठोकून पाडली जात. आपली शिवराई पाडत तशीच, फक्त शिवराई तांब्याची आणि जाडजूड, ही कागदासारखी. अशा बारीक वस्तूंना थोडी वरची फ्रिक्वेन्सी मानवते. १२ ते १५ किलोहर्ट्झवर चालणारं किंवा अनेक फ्रिक्वेन्सीचं मशीन घ्या. ६-८ किलोहर्ट्झची जुनी मशीनं मोठ्या तांब्याच्या पैशांना छान, पण चिमुकल्या चांदीला थोडी बहिरी.

कॉइल 'डबल डी' हवी, म्हणजे आत 'डी' आकाराची दोन वेटोळी असलेली. तिच्या मधोमधचा फक्त एक पट्टाच संवेदनशील असतो, म्हणून खिळ्याशेजारचं नाणं वेगळं ऐकू येतं. अकरा इंचांची कॉइल बहुतेक शेतांना पुरते.

नावंच हवी असतील तर मी तीन सुचवेन. ऑस्ट्रेलियाच्या मिनेलॅबचं व्हँक्विश ३४० किंवा ४४०: अनेक फ्रिक्वेन्सी एकदम, जमिनीशी जुळवून घ्यायचं काम स्वतःच करतं, चालू केलं की निघालात, पण फक्त कॉइलच पाण्यात चालते, वरचा पडद्याचा डबा नाही, म्हणून पावसात प्लॅस्टिकची पिशवी बांधा. त्याच कंपनीचं एक्स-टेरा प्रो: ५, ८, १० आणि १५ किलोहर्ट्झपैकी एक निवडता येते आणि अख्खं मशीन पाण्यात बुडवलं तरी चालतं. तुर्कस्तानच्या नोक्ताचं सिम्प्लेक्स: जुनं मॉडेल १२ किलोहर्ट्झचं, नवं 'अल्ट्रा' १५ चं, दोन्ही जलरोधक, चार्जिंगची बॅटरी आत. तिघांतलं कुठलंही घेतलं तरी पस्तावणार नाही. किनारा जास्त असेल तर व्हँक्विश, पावसाळी शेत असेल तर बाकीची दोन. माझ्याकडे जुनं सिम्प्लेक्स आहे, वापरलेलं घेतलेलं.

खोलीच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. छोटं नाणं सहा-आठ इंचांवर स्वच्छ ऐकू आलं तरी खूप झालं. नांगरट होते त्या थराखाली आपण जायचंही नसतं, कारण खालचा थर पुरातत्त्ववाल्यांच्या कामाचा. त्यापेक्षा वजन बघा. हात सरळ ठेवून दहा मिनिटं दुकानात झुलवा. दुपारी खांदा भरून आला की मन मशीनवर राहत नाही आणि सिग्नल निसटतात.

आणि स्वस्त मशीनची लाज बाळगू नका. ५ जुलै २००९ ला स्टॅफर्डशरच्या शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा सगळ्यात मोठा ठेवा ज्यांना सापडला, त्या टेरी हर्बर्ट यांचं मशीन जुन्या बाजारातून अडीच पौंडांना घेतलेलं होतं, असं तेव्हा वर्तमानपत्रांनी छापलं होतं. ठेव्याचं मूल्यांकन ३२ लाख ८५ हजार पौंड झालं. अडीच पौंडांचं मशीन शोधत फिरू नका, एवढंच.

वापरलेलं घ्यायचं तर समोरासमोर घ्या. कॉइलचे दोन कान, जिथे दांडा जोडतात, ते तडकलेले नाहीत ना बघा. केबल हलवून आवाज बदलतो का ऐका. बॅटरीच्या कप्प्यात हिरवी पावडर दिसली तर उठा. बिल आणि सिरियल नंबर मागा. महागड्या कंपन्यांच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात, विशेषतः पिनपॉइंटरच्या, आणि निम्म्या किमतीतलं नवंकोरं मशीन म्हणजे बहुतेक नक्कलच.

पायरी सहावी : घरातली शाळा

मशीन आलं की लगेच शेतात पळू नका. गवतावर पाच वस्तू हातभर अंतरावर मांडा: खिळा, अॅल्युमिनियमचा चंदेरी कागद, डब्याची कडी, दोन पेन्सचं नाणं, घरात असेल तर चांदीची जोडवी. इथे एक गंमत आहे. १९९२ पासूनचे बहुतेक एक आणि दोन पेन्स तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. आधीचे खऱ्या काशाचे. फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं की नवं नाणं चिकटतं, जुनं नाही. सरावाला जुनं घ्या, नाहीतर मशीन "लोखंड" म्हणेल आणि तुम्ही मशीनला दोष द्याल.

डोळे मिटून कॉइल फिरवा आणि सुरावरून ओळखायचा सराव करा. पडद्यावरचा आकडा नंतर. मी हे आठवडाभर केलं. नवरा खिडकीतून बघत होता आणि शेजाऱ्यांना हात करत होता.

संवेदनशीलता पूर्ण वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. ती तीन चतुर्थांश ठेवा. मशीन जितकं गप्प, तितका खरा सिग्नल स्पष्ट.

पायरी सातवी : पहिला खड्डा

खड्डा कसा घ्यायचा ते माझ्याच एका खड्ड्यावरून सांगते. गेल्या वर्षीचा ऑक्टोबर, चर्चमागचं तेच शेत, धसकटं कुजायला आलेली. फाटकापासून चाळीस पावलांवर एक आखूड, स्वच्छ 'टिक'. कॉइल मागे-पुढे: ३१, ३२, ३१. खिळा असा फसवा सूर देतो, म्हणून मी काटकोनात वळले आणि आडवी झुलवली. खिळा असता तर इथे आकडा कोसळला असता किंवा घरघर आली असती. तरीही ३१. दोन्ही बाजूंनी टिकणारा सिग्नल खणायचाच, आकडा काहीही असो.

कुदळ वस्तूपासून वीतभर लांब मारायची, जवळ मारली की वस्तूच कापली जाते. तीन बाजूंनी कापून चौथी बाजू जोडलेली ठेवायची आणि मातीचा गड्डा झाकणासारखा उलटायचा. पिनपॉइंटर खड्ड्यात फिरवला, गप्प. गड्ड्यात फिरवला, तिथे थरथरला. चिमटीनं माती मोडत गेले. आधी एक दगड, मग गांडूळ, मग काहीच नाही असं वाटत असताना करंगळीच्या नखाएवढा काळसर करडा तुकडा. दोन बाजू सरळ, तिसरी गोलाईची. पाण्याचा एक थेंब टाकला तेव्हा तीन टिंबं आणि क्रॉसचा एक हात दिसला.

१२४७ मध्ये तिसऱ्या हेन्रीच्या काळात पेनीवरचा क्रॉस कडेपर्यंत नेला गेला. सुट्टे पैसे नसायचे, म्हणून लोक त्याच रेषांवर नाणं कापायचे: अर्ध्याचा हाफपेनी, चतकोराचा फार्दिंग, म्हणजे चौथा हिस्सा. १२७९ मध्ये गोल फार्दिंग निघाल्यावर कापाकापी मागे पडली. आपली पावली जशी रुपयाचा पाव भाग, तसाच हा पेनीचा. वजन एक ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. तळहातावर ठेवला तर जाणवतही नव्हता.

त्याच दिवशी आणखी काय निघालं तेही सांगते, नाहीतर चुकीचं चित्र उभं राहील: सतरा खिळे, घोड्याच्या नालेचा अर्धा तुकडा, शिशाच्या तीन गोळ्या, कोटाची चार चपटी बटणं, एक अंगुस्तान, जळक्या कोळशाचे असंख्य खडे आणि बंदुकीच्या काडतुसांची पितळी टोपणं. कचराही घरी न्यायचा, परत खड्ड्यात टाकायचा नाही. गड्डा परत बसवून पायानं दाबायचा. कधी जड, गोल, गंजलेली, पंखे असलेली वस्तू दिसली तर हात लावू नका. दुसऱ्या महायुद्धातली निघू शकते. मागे सरा, जागा लक्षात ठेवा, ९९९ फिरवा.

सापडल्यावर

घासू नका. आपल्या हाताला सवय आहे: तांब्याचं भांडं दिसलं की चिंच, पितळ दिसलं की पितांबरी. जुन्या नाण्यावरचा हिरवा-काळा थर म्हणजे त्याची कातडी. ती गेली की अक्षरं जातात आणि किंमतही. माती वाळू द्यायची आणि मऊ ब्रशनं हलकेच झटकायची, बस्स.

सापडल्या जागीच फोनवर स्थान टिपून ठेवा. 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' ही ब्रिटिश म्युझियमकडून चालवली जाणारी योजना १९९७ पासून अशा वस्तूंची नोंद ठेवते. प्रत्येक भागाला एक फाइंड्स लिएझन ऑफिसर असतो. ३०० वर्षांहून जुनी वस्तू त्यांना दाखवायची, पैसे पडत नाहीत. माझा पावलीएवढा तुकडा त्यांनी भिंगाखाली बघितला, वजन केलं, फोटो काढला आणि काही आठवड्यांनी परत दिला. एकटं नाणं, म्हणून ट्रेझर नव्हे.

करारानुसार तो मी शेताच्या मालकीणबाईंना दाखवायला नेला. चष्मा लावून त्यांनी उलटसुलट बघितला, खिडकीच्या कठड्यावर, मिरपुडीच्या डबीशेजारी ठेवला आणि म्हणाल्या, "हा इथेच राहू दे." मग किटली ठेवता ठेवता म्हणाल्या की वरचं नदीकडचं शेत पुढच्या आठवड्यात मोकळं होतंय, तिकडे गेलीस तरी हरकत नाही, पण मेंढ्या आहेत, फाटक लावून घे. आणि हो, ती ट्रॅक्टरची पिन तिकडेच पडली असावी, असं त्यांना आता वाटतंय.